जंगम मालमत्ता

माझ्या मोटारसायकलीच्या पुढल्या चाकास गंज चढल्याची पहिली वर्दी मला माझ्या शेजाऱ्यांनी दिली. पुण्यात शेजाऱ्याच्या घरातील मंगलवार्ता चार दिवस उशिरा कळली तरी कोणाची तक्रार नसते. परंतु त्याच्या नुकसानीची बातमी मात्र त्याला स्वतःला उमगण्यापूर्वी आपण त्याच्या कानी घालावी, हा येथील शेजारधर्माचा पहिला दंडक होय. "अहो, रिंग गेली तुमची," एवढे वाक्य जिना उतरता उतरता उच्चारून ते गृहस्थ दूध आणावयास निघून गेले; आणि ज्याने तीस वर्षे मामलेदार कचेरीत कारकुनी करून जमिनी जाताना, अधिकार जाताना आणि एकदा तर दप्तरांची अख्खी मांडणी वाळवीच्या पोटात जाताना निर्विकार चित्ताने पाहिली होती, तो मी हातातला चहाचा पेला तसाच कट्ट्यावर ठेवून अनवाणी अंगणात धावलो.

रिंग गेली नव्हती, जागेवरच होती. ज्या पोलादी कड्यावर टायर चढवितात आणि ज्याला इंग्रजी शिकलेले लोक रिम म्हणतात, त्याला आमच्याकडील यच्चयावत मिस्त्री रिंग म्हणतात. आऱ्यांना ते तारा म्हणतात, आणि चाक डुगडुगू लागले की 'आउट आहे' म्हणतात. माझी मोटारसायकल येझदी जातीची. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली कायमचा बंद पडला. त्याच्या पंधरा वर्षे आधी भविष्यनिर्वाह निधीतून अग्रिम उचलून मी ती खरेदी केली. तिला जागे करण्याची किक आणि तिचे गिअर बदलण्याचा दांडा हे दोन निरनिराळे नसून एकच आहेत, आणि एकाच पदावर दोन कामे लादण्याच्या या मितव्ययी व्यवस्थेबद्दल एका सरकारी नोकरास प्रथमदर्शनीच आपुलकी वाटली, यात नवल नाही. तिच्या रिंगा त्या काळी अशा लखलखीत होत्या की, आमचे कुटुंब हळदीकुंकवास निघताना शेवटची नजर त्यांत टाकीत असे. वक्र आरशात मुख थोडे लांबट दिसे, पण घाईच्या वेळी तेवढे चालून जाई.

या पुढल्या रिंगेवर, व्हॉल्व्हच्या भोकापासून बरोबर चार बोटांवर, एक पोचा होता. १९८४ साली माझे मेहुणे मागे बसलेले असताना आणि त्यांच्या मांडीवर वाईहून आणलेले दोन फणस असताना, खंबाटकीच्या पायथ्याशी चाक एका धोंड्यावर चढले, त्या प्रसंगाचा तो शिलालेख. त्या पोच्याची मी कधीही दुरुस्ती केली नाही. मेहुण्यांच्या वजनाविषयी, त्यांच्या आग्रही स्वभावाविषयी आणि एकंदरीतच सासरकडील मंडळींच्या भरवशावर प्रवास करण्याच्या धोक्याविषयी घरात जेव्हा जेव्हा वाद उपस्थित होई, तेव्हा तेव्हा मी कुटुंबास अंगणात नेऊन तो पोचा दाखवीत असे, आणि वाद तहकूब होत असे. इतका बिनतोड पुरावा कचेरीतील माझ्या हयातीत एकाही पक्षकाराने माझ्यासमोर दाखल केला नव्हता.

असो. सांगावयाचा मुद्दा असा की, त्या सकाळी रिंगेभर तपकिरी ठिपके गोवरासारखे उठलेले होते, आणि मी त्यांच्याकडे पाहत उभा असताना अंगणात हळूहळू सभा भरली.

चाकाच्या जिल्हईबाबत या नगरीत तीन दर्शने प्रचलित आहेत, आणि द्वैत-अद्वैताच्या अनुयायांनी परस्परांविषयी जितका आदर दाखविला तितकाच या तिन्हींचे अनुयायी एकमेकांविषयी दाखवितात. पहिले दर्शन घासण्याचे. वस्तूचे तेज वस्तूच्याच ठायी असते, ते केवळ मळाने झाकले जाते, सबब ते घासून प्रकट करावे, असे या पंथाचे म्हणणे. दुसरे दर्शन रंगाचे. ते म्हणते की तेज हा भ्रम आहे, झाकणे हेच सत्य. आणि तिसरे मुलाम्याचे. त्याच्या मते स्वतःजवळ तेज नसेल तर ते दुसऱ्या धातूकडून उसने घ्यावे, आणि या बाबतीत मागे पाहू नये.

शेजारी पहिल्या पंथाचे. त्यांनी दूध घरात ठेवून येताना पॉलिशचा डबा आणि जुने धोतर आणले. दीड तास आम्ही दोघांनी घासले. धोतर काळे झाले, ठिपके जसेच्या तसे राहिले. इतक्यात आमचे कुटुंब बाहेर आले, आणि काही न बोलता आत जाऊन, नातवाच्या डब्यातील पोळ्या ज्यात गुंडाळतात त्या चंदेरी कागदाचा बोळा घेऊन परतले. तो बोळा पाण्यात बुडवून तिने रिंगेवर वीतभर जागा घासली, आणि ती जागा १९८१ सालासारखी चमकू लागली! पुढे माझ्या रसायनशास्त्र शिकलेल्या भाच्याने याचा खुलासा केला. तो कागद ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे क्रोमवर ओरखडा उठत नाही, पण गंजाची पूड मात्र खरवडून निघते. शेजाऱ्यांना हा खुलासा रुचला नाही. पॉलिशचा अंमल उशिरा बसतो आणि हा गुण पॉलिशचाच आहे, असा शेरा मारून ते डबा घेऊन घरी गेले. धोतर मात्र आमच्याकडेच राहिले.

दुर्दैवाने मी चष्मा लावून जवळून पाहिले. गंजाचा ठिपका जेथे जेथे होता तेथे तेथे आता सुईच्या अग्राएवढे एकेक काळे छिद्र होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या पावसानंतर प्रत्येक छिद्रातून पुन्हा एकेक तपकिरी थेंब बाहेर डोकावू लागला. गंज वरून बसलेला नव्हता. तो आतून येत होता. याचे कारण मी नंतर समजून घेतले ते असे. आपण ज्याला क्रोम म्हणतो ती चकाकी मुळात क्रोमची नसतेच. लोखंडावर आधी निकलचा थर देतात, तो वीस-तीस मायक्रॉन. सगळी आरशासारखी चमक त्या निकलची. परंतु निकल हवेत हळूहळू पिवळट पडते, म्हणून त्यावर क्रोमचा एक थर चढवितात, आणि तो असतो अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी. म्हणजे डोक्यावरील एका केसाच्या जाडीत असे शंभरावर थर सहज मावावेत. काम निकलने करावयाचे आणि नाव क्रोमचे व्हावयाचे, हा प्रकार कचेरीत तीस वर्षे काढलेल्या मनुष्यास नवीन वाटला नाही. यांतील एका सूक्ष्म छिद्रातून पाणी लोखंडापर्यंत पोचले की निकल स्वतः सुरक्षित राहून लोखंडाचाच बळी देते, आणि जितके छिद्र लहान तितका त्या एका जागी गंज खोल जातो. जस्ताचा स्वभाव याच्या अगदी उलट. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडावर ओरखडा पडला तर जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडास राखते. पण जस्ताला चमक नसल्यामुळे त्याची नेमणूक बादल्यांवर आणि पत्र्यांवर होते.

भाचा रंगपंथी. त्याच्या मोटारसायकलीची चाके तारांची नसून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची एकसंध ओतीव आहेत, आणि ती काळी आहेत. हल्लीच्या पिढीला चाक काळेच लागते. त्याने पावडर कोटिंगची प्रशंसा केली. रंगाच्या कोरड्या पुडीस विद्युद्भार देऊन ती चाकावर फवारतात, चाकाचा भार जमिनीकडे नेलेला असल्यामुळे पूड त्यावर आपणहून चिकटते, आणि मग ते सारे भट्टीत सुमारे १८० ते २०० अंशांवर भाजले की पूड वितळून अखंड कातडे तयार होते. ते ओले नसते म्हणून ओघळत नाही, आणि दगड उडाला तरी सहसा टवका निघत नाही. हे सर्व मला पटले. पण काळ्या रिंगेत कुंकू कसे पाहावयाचे, या कुटुंबाच्या प्रश्नास भाच्याजवळ उत्तर नव्हते, आणि तो विषय तेथेच निकालात निघाला.

उरले तिसरे दर्शन, आणि त्याचे आचार्य आमचे मिस्त्री. नाना पेठेत जुन्या गाड्यांचे सुटे भाग धुंडाळण्यात ज्यांचे अर्धे आयुष्य गेले आहे, अशा या गृहस्थांनी रिंगेवर नखाने एकदा टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि डॉक्टरांनी नाडी सोडावी तसे चाक सोडून ते म्हणाले, "काका, पत्रा जुना आहे, दमदार आहे. नवी घेऊ नका. क्रोम मारून घ्या. फक्त तारा क्रोमला देऊ नका." तारांना का वगळावयाचे, असे मी विचारले. त्यांनी दिलेले उत्तर असे की, तारा तेजाबात बुडाल्या की रुसतात आणि मग रस्त्यात तुटतात. भाच्याने याचेही शास्त्र सांगितले: ताणाच्या कडक पोलादात त्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. मला मिस्त्रींचे 'रुसतात' अधिक पटले, कारण तुटण्याचे कारण समजले तरी तुटलेली तार जुळत नाही, रुसलेल्या माणसाबाबत मात्र काही आशा असते.

मग चाके सुटी झाली. तारा काढल्या, आणि ज्यावर मी इतकी वर्षे बसून हिंडलो ते चाक म्हणजे एक कडे, एक तुंबा आणि मूठमूठभर काड्या यांहून अधिक काही नव्हते, हे पाहून माझ्या मनास उगाच हुरहुर लागली. नव्या तारा न गंजणाऱ्या पोलादाच्या घेतल्या आणि रिंगा पिशवीत घालून मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गेलो.

तेथील त्या कारखान्याचे नाव मी सांगत नाही. पुढील हकिगत वाचल्यावर ते का सांगितले नाही हे वाचकांच्या ध्यानी येईल. आत शिरताच डोळे चुरचुरले. एका बाजूस बफवर रिंगा घासणारी मुले नखशिखांत काळी झालेली, दुसऱ्या बाजूस ओळीने हौद: तेजाबाचा, धुण्याचा, निकलचा हिरवा, आणि शेवटी क्रोमचा, गर्द नारिंगी. ज्या धातूचे नावच ग्रीक भाषेतील 'रंग' या शब्दावरून पडले, तो धातू स्वतः मात्र बेरंगी. वोक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने १७९७ साली सैबेरियातील एका तांबड्या खनिजातून त्याचा शोध लावला. त्याचे क्षार पिवळे, हिरवे, नारिंगी, नाना छटांचे. पाचूचा हिरवा आणि माणकाचा तांबडा रंगही त्याचीच करणी. आणि हा सर्व वैभवशाली गृहस्थ शेवटी मोटारसायकलीच्या रिंगेवर येऊन बसतो तो चंदेरी होऊन. त्या नारिंगी हौदावर जी वाफ तरंगते ती नाकाचा आतला पडदा खाऊन त्यास भोक पाडते, आणि त्यातील क्रोमियम कर्करोगासही कारण होतो. यापेक्षा पुष्कळ कमी घातक असे त्रिसंयुजी क्रोमचे हौद आता निघाले आहेत, पण तेथे तसा हौद नव्हता. हौदापाशी उभ्या असलेल्या एका पोराने तोंडाला फक्त रुमाल बांधलेला होता, आणि माझ्या चमकीच्या हौसेची अर्धी हवा तेथेच गेली. अर्धी राहिली, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

आता सावधगिरीचा प्रश्न आला. भिंतीला टेकून शंभरभर रिंगा उभ्या होत्या आणि त्या सर्व एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसत होत्या. पावतीवर लिहिले होते, 'रिंग नग २'. एवढ्या मोघम नोंदीवर मी माझ्या आयुष्यात एक शेळीसुद्धा जप्तीत ठेवू दिली नसती. मी शेठजींना म्हटले, "ओळखीची खूण काय?" ते म्हणाले, "खडूची खूण तेजाबात टिकत नाही, काका. काळजी करू नका, इथं रिंगा हरवत नाहीत." परंतु मी तयारीनिशी गेलो होतो. एका जुन्या ताटाचा पत्रा कापून मी दोन गोल चकत्या केल्या होत्या, त्यांवर खिळ्याने ठोकून माझे नाव, पत्ता आणि दाखल तारीख कोरली होती, आणि त्या तारेने मी स्वहस्ते दोन्ही रिंगांना बांधल्या. शेठजींनी माझ्याकडे ज्या आदराने पाहिले त्याचा खरा अर्थ मला पुढे दहा दिवसांनी कळला.

दहाव्या दिवशी शेठजींनी दोन रिंगा माझ्या हाती ठेवल्या. त्यांत भोसरीचे आकाश, शेठजींची पगडीवजा टोपी आणि माझे स्वतःचे आश्चर्यचकित नाक अशा स्पष्टपणे दिसत होते की, क्षणभर मी गंज, वाफ आणि खर्च सारे विसरलो. मग मी विचारले, "चकत्या?" चकत्या नव्हत्या. बांधलेली तार होती, चकती नव्हती. ते ताट ॲल्युमिनियमचे होते. आणि ॲल्युमिनियम हे तेजाबात साखरेसारखे विरघळते. माझे नाव, माझा पत्ता आणि ती दाखल तारीख, सर्व काही त्या हौदात मिसळून गेले होते, आणि न जाणो, त्या आठवड्यात तेथून बाहेर पडलेल्या प्रत्येक रिंगेवर माझा काही अंश बसलेला असेल.

तरीही मी घाबरलो नाही. माझ्याजवळ दुसरा, अधिक पक्का पुरावा होता. मी पुढल्या रिंगेचे व्हॉल्व्हचे भोक शोधले, चार बोटे मोजली, आणि बोट फिरविले. ती जागा गुळगुळीत होती. दुसऱ्या बाजूने मोजली, तीही गुळगुळीत. मागल्या रिंगेवर मोजली. तेथेही काही नव्हते. "इथं पोचा होता," मी म्हणालो. शेठजींनी रिंग हातात घेतली, उजेडाकडे फिरविली, आणि कारागिराच्या अभिमानाने म्हणाले, "निघाला असेल! आमच्या पोराच्या हातात काय निघेल सांगता येत नाही." एखादा दोष हरवल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी, हे न सुचून मी पैसे दिले आणि परतलो.

मिस्त्रींनी चाके पुन्हा गुंफली. मोकळे चाक चिमट्यात धरून त्यांनी ते फिरविले, खडूचा तुकडा रिंगेच्या अगदी जवळ स्थिर धरला, आणि जेथे खडूची रेघ उमटली तेथली तार सैल, समोरची तार घट्ट, असे करीत करीत तासाभराने शेवटी खडू कोठेच लागेनासा झाला. "आउट निघाली," ते म्हणाले, आणि मग किंचित थांबून, "काका, ही रिंग तुमचीच ना?" असे विचारून त्यांनी माझी झोप उडविली.

कायद्याने पाहता हा प्रश्न साधा आहे. दुसऱ्याच्या स्थावरावर बारा वर्षे उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध वहिवाट केली की मूळ मालकाचा दावा मुदतीबाहेर जातो. जंगम वस्तूच्या बाबतीत ही मुदत अवघी तीन वर्षे. चाकाइतकी जंगम वस्तू पृथ्वीतलावर दुसरी कोणती असणार? तीन वर्षे मी ती रिंग उघड फिरवीन, अखंड फिरवीन, आणि मग कोणी काही म्हणू शकणार नाही, असे मनाचे समाधान मी करून घेतले. पण घरातील बाजू निराळी होती. कुटुंबाने नव्या रिंगेत आपले कुंकू पाहिले, मग व्हॉल्व्हपाशी बोट फिरविले, आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "अहो, कुठं आहे तो पोचा? माझ्या भावाच्या नावावर इतकी वर्षे खपवला तो?" मी खंबाटकी सांगितली, फणस सांगितले. "पोचा दाखवा," ती म्हणाली. त्या दिवशी दोन तपांचा माझा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला, आणि पुढल्या महिन्यात मेहुणे आठ दिवस राहावयास आले.

या गोष्टीस आता दोन वर्षे आणि काही महिने होत आले. परवा सायंकाळी कात्रजच्या बाजूस एका रसवंतीसमोर मी गाडी लावली आणि उसाचा पहिला घोट घेतो तोच शेजारी दुसरी एक येझदी येऊन उभी राहिली. जुन्या गाडीचे धनी एकमेकांची गाडी आधी पाहतात आणि मग एकमेकांस पाहतात. मी त्यांच्या पुढल्या चाकाकडे पाहिले. रिंग आरशासारखी होती. आणि व्हॉल्व्हच्या भोकापासून चार बोटांवर त्या आरशात रसवंतीचा दिवा एकाएकी वाकडा होऊन पुन्हा सरळ होत होता.

मी ग्लास खाली ठेवला.

"काय बघता?" ते गृहस्थ म्हणाले, वयाने माझ्याहून थोडे धाकटे, सभ्य. "पोचा ना? काय सांगू तुम्हांला! क्रोमला दिली तेव्हा रिंग अशी होती बघा, तुमच्यासारखी, एकदम गुळगुळीत. परत आली ती पोचा घेऊन. तिथला शेठ म्हणतो, तेजाबातनं काढली की जुनं सगळं वर येतं. आधी मी भांडलो. पण मग विचार केला, आपणच कुठंतरी आपटली असेल. आता तर मला तो खड्डासुद्धा आठवायला लागलाय. इथंच, घाटात, मुलीला कॉलेजात सोडायला गेलो होतो तेव्हा." एवढे बोलून ते माझ्या चाकापाशी वाकले आणि म्हणाले, "तुमचं काम मात्र अप्रतिम झालंय हं. कुठं केलंत?"

मुदत संपावयास अजून काही महिने बाकी होते. मी घाईने पैसे दिले, गाडीवर बसलो आणि किक मारली. ती लागली नाही. दुसरी मारली, तीही लागली नाही. तिसऱ्या किकेला मला दरदरून घाम फुटला, आणि ते सज्जन गृहस्थ हातातला ग्लास ठेवून पुढे आले. "थांबा, दुसऱ्या गिअरमध्ये टाका, मी धक्का देतो," ते म्हणाले. आणि दोन्ही हात मागल्या सीटवर टेकून ते रस्त्यावरून धावू लागले. वीस पावलांवर गाडी फुरफुरली, सुरू झाली. मागे वळून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही, पण धापा टाकीत त्यांनी ओरडून सांगितलेले मला ऐकू आले:

"सावकाश जा हो! रिंग जपा!"